एक्सेल उघडतं, शीट उघडत नाही

“एक्सेल चालू होतंय, पण पान येत नाही.” संगणकाच्या तक्रारींत ही मोठी फसवी तक्रार आहे. सांगायला एका ओळीची, पण तिच्या पोटात निदान आठ-नऊ वेगवेगळी कारणं असतात. त्यातली काही खरे बिघाड असतात, काही सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी मुद्दाम ठेवलेल्या सोयी असतात, आणि एक-दोन तर आपल्याच हातून कधीतरी लागून गेलेल्या खुणा असतात. औषध मात्र सगळ्यांना एकच दिलं जातं : ऑफिस काढा, परत टाका, त्यानेही नाही भागलं तर फॉरमॅट मारा. या कारणांचा एकदा नीट आढावा घ्यावा आणि ते सरसकट औषध बहुतेक वेळा का चुकतं ते पाहावं, एवढाच या लेखाचा उद्देश.

नातेपुत्यासारख्या गावातून पाहिलं की या प्रश्नाचं वजन कळतं. माळशिरस तालुक्यातलं, पुणे-पंढरपूर रस्त्यावरचं हे गाव. आता इथे नगरपंचायत आहे. आषाढीच्या वाटेवर माउलींची पालखी धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि जिल्ह्यातला पहिला मुक्काम नातेपुत्याला करते. तालुक्याला नीरा उजव्या कालव्याचं पाणी, म्हणून ऊस. ऊस आला म्हणून कारखाने, सोसायट्या, पतसंस्था, दूध संकलन केंद्रं, आणि या सगळ्यांचे हिशेब आले. हिशेबाचं मोठं सॉफ्टवेअर प्रत्येकाकडे असतंच असं नाही, आणि असलं तरी त्यातून काढलेला तक्ता शेवटी एक्सेलमध्येच येऊन पडतो. ऊस लागणीच्या नोंदी, दुधाचं दहा दिवसांचं बिल, थकबाकीदारांची यादी, शाळेच्या पटाची माहिती, जीएसटीसाठी विक्रीचा तक्ता, पालखीच्या दिवसांत टँकर कुठे उभे करायचे त्याचा आराखडा, सगळं त्याच चौकटींत बसवलेलं. अशा ठिकाणी मार्चअखेरीला पान उघडेना म्हणजे माणूस घायकुतीला येतो आणि जो पहिला सल्ला मिळेल तो ऐकतो.

मुळात कोरं पान आपोआप समोर यावं ही अपेक्षाच कुठून आली, ते आधी पाहू. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन यांनी ॲपल-२ संगणकासाठी व्हिजिकॅल्क काढलं, तेव्हापासून स्प्रेडशीट म्हणजे सुरू करताच समोर रिकाम्या चौकटी, हे ठरून गेलं. १९८३ चं लोटस १-२-३ तसंच. एक्सेल १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर आणि १९८७ मध्ये विंडोजवर आलं, आणि पुढची पंचवीसेक वर्षं कोरं पान, नंतरच्या आवृत्त्यांत ‘बुक१’ नावाचं कोरं वर्कबुक, घेऊनच उघडत राहिलं. आपल्याकडे ही सवय पक्की केली ती एमएस-सीआयटीने. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा हा कोर्स सरकारी नोकरीला लागतो, म्हणून तालुक्या-तालुक्यांत त्याचे वर्ग निघाले आणि एक अख्खी पिढी जुन्या ऑफिसवर शिकली : चिन्हावर दोनदा क्लिक करायचं, बुक१ येतं, टाइप करायला लागायचं.

२०१३ च्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने दोन गोष्टी बदलल्या. उघडल्या उघडल्या कोऱ्या पानाऐवजी ‘स्टार्ट स्क्रीन’ येऊ लागली. डावीकडे अलीकडच्या फाइलींची यादी, उजवीकडे नमुने. हा बदल डोळ्यांना दिसणारा होता. दुसरा जास्त खोल होता. पूर्वी एक्सेलची एकच मोठी खिडकी असे आणि तिच्या आत वर्कबुकांच्या छोट्या खिडक्या फिरत. आता प्रत्येक वर्कबुकाला स्वतःची स्वतंत्र खिडकी मिळाली. ‘पान येत नाही’ या तक्रारीचा मोठा वाटा या दोन बदलांतून जन्माला आला, असं माझं मत आहे. माणूस जुन्या सवयीने वागतो आणि सॉफ्टवेअर नव्या रीतीने.

आता निदानाकडे. उपाय शोधायच्या आधी खिडकीच्या अगदी वरच्या पट्टीवर काय लिहिलंय ते वाचावं. हे कुणी करत नाही. तिथे नुसतं ‘एक्सेल’ असेल, खाली करडा रंग असेल, बटणं फिकट पडलेली असतील आणि सूत्राची पट्टी मोकळी असेल, तर एकही वर्कबुक नजरेसमोर उघडं नाही. तिथे फाइलचं नाव दिसत असेल आणि तरी चौकटी नसतील, तर फाइल उघडलेली आहे, फक्त पडद्यावर उमटत नाही. हे दोन आजार वेगळे, आणि त्यांचे उपायही वेगळे.

पहिल्या प्रकारात आणखी एक फोड करावी लागते : एक्सेल नुसतं सुरू केलं होतं, की एखाद्या फाइलवर क्लिक केलं होतं? नुसतं सुरू केलं असेल आणि पान नसेल, तर बहुतेक वेळा बिघाड काहीच नसतो. स्टार्ट स्क्रीनवर एस्केप दाबलं की कोरं वर्कबुक येतं. ती स्क्रीनच नको असेल तर फाइल, ऑप्शन्स, जनरल इथे सगळ्यात खाली तिची खूण आहे, ती काढून टाकावी. दुसऱ्या दिवसापासून जुन्या काळासारखं बुक१ हजर. कंट्रोल-डब्ल्यू दाबून शेवटचं वर्कबुक बंद केलं तर एक्सेल बंद होत नाही, रिकामी करडी खिडकी मागे उरते. तिथे कंट्रोल-एन दाबावं, संपलं. डब्ल्यूच्या शेजारीच क्यू आणि ई, टाइप करताना कंट्रोलसकट बोट घसरलं की हे घडतं, आणि माणूस घाबरून दुकान गाठतो.

याच गटात एक मजेदार कारण आहे. डेस्कटॉपवरच्या एक्सेलच्या शॉर्टकटवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या, तर टार्गेटच्या ओळीच्या शेवटी कधीकधी तिरकी रेघ आणि ‘ई’ हे अक्षर चिकटलेलं सापडतं. सुरुवातीची स्क्रीन दाखवू नको आणि कोरं पानही उघडू नको, अशी ती सरळ आज्ञा आहे, मायक्रोसॉफ्टनेच ठेवलेली. जुन्या, मंद संगणकावर एक्सेल लवकर उघडावं म्हणून कुणीतरी ती लावून गेलेलं असतं. तो माणूस नोकरी सोडून गेला, आज्ञा राहिली. ऑफिस चार वेळा परत टाकलं तरी डेस्कटॉपवरचा तो शॉर्टकट जुनाच असेल, तर एक्सेल इमानेइतबारे रिकामंच उघडत राहणार.

फाइलवर दोनदा क्लिक केलं, एक्सेल उघडलं, पण फाइल नाही : खरी गुंतागुंत इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू.

आपण फाइलवर क्लिक करतो तेव्हा विंडोज ती फाइल स्वतः उघडत नाही. ते एक्सेलला सुरू करतं आणि मग त्याला निरोप देतं की अमुक फाइल उघड. हा निरोप देण्याची एक जुनी पद्धत म्हणजे डायनॅमिक डेटा एक्स्चेंज, म्हणजेच डीडीई. १९८७ सालच्या विंडोज २ पासूनची. एक्सेलच्या ऑप्शन्समध्ये, ॲडव्हान्स्ड या भागात, खाली जनरल या मथळ्याशी एक चौकोन आहे : ‘इग्नोअर अदर ॲप्लिकेशन्स दॅट यूज डायनॅमिक डेटा एक्स्चेंज’. त्यात खूण पडली की एक्सेल बाहेरचे निरोप ऐकणंच सोडून देतं. दारावरची बेल वाजते, घरातला माणूस उठून दिवाही लावतो, पण दार उघडत नाही. तीच फाइल एक्सेलच्या आतून, फाइल-ओपनमधून उघडली तर व्यवस्थित उघडते. ही फार कामाची चाचणी आहे. आतून उघडते आणि बाहेरून नाही, एवढं कळलं की फाइल खराब नाही हे सिद्ध होतं, आणि संशय निरोपाच्या वाटेवर येतो. ती खूण बऱ्याचदा आपण केलेली नसते; एखादं ॲड-इन किंवा मॅक्रो आपलं काम बिनअडथळा व्हावं म्हणून ती लावतं आणि काम संपल्यावर काढायला विसरतं.

निरोपाची वाट आणखी एका रीतीने चुकते. हिशेबाचं एखादं सॉफ्टवेअर ‘एक्सेलमध्ये पाठवा’ म्हटल्यावर पडद्याआड एक एक्सेल सुरू करतं, त्यात तक्ता भरतं आणि बंद करतं. मध्येच ते सॉफ्टवेअर अडकलं तर पडद्याआडचं एक्सेल तसंच जिवंत राहतं. पुढची फाइल आपण क्लिक केली की निरोप त्या अदृश्य एक्सेलकडे जातो आणि फाइल तिथेच उघडून बसते. टास्क मॅनेजरमध्ये पाहिलं तर एक्सेलच्या नावाच्या दोन नोंदी सापडतात. खिडकी नसलेली नोंद बंद केली की प्रश्न मिटतो, पण आधी बाकीच्या उघड्या फाइली जतन कराव्यात, कारण घाईत भलतीच नोंद बंद होते. संगणक रिस्टार्ट केल्यावर हे सगळं आपोआप सुटतं, म्हणून ‘रिस्टार्ट करून बघा’ हा सल्ला वाटतो तितका बावळट नाही. फक्त त्याने कारण कळत नाही, आणि पुढच्या दहा तारखेला तीच अडचण परत उभी राहते.

मग ॲड-इन आहेत. पीडीएफ बनवणारी, मराठी टाइपिंगची, बारकोडची, हिशेबाच्या सॉफ्टवेअरची अशी जोड-सॉफ्टवेअरं एक्सेलच्या डोक्यावर बसलेली असतात. त्यातलं एखादं सुरुवातीलाच अडखळलं की एक्सेल अर्धवट उघडून थांबतं. यावर मायक्रोसॉफ्टने दिलेली सोय म्हणजे सेफ मोड : कंट्रोलची कळ दाबून धरून एक्सेलच्या चिन्हावर क्लिक करावं, विचारल्यावर हो म्हणावं. किंवा विंडोज आणि आर या कळा एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत एक्सेलचं नाव, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि ‘सेफ’ असं टाइप करावं. सेफ मोडमध्ये पान आलं तर समजावं की एक्सेल धडधाकट आहे, दोष वर बसलेल्यांपैकी कुणाचा तरी आहे. मग ऑप्शन्समधल्या ॲड-इन्सच्या यादीत एकेकाची खूण काढत जायचं. कंटाळवाणं काम आहे, पण शहाणपणाचं.

डाउनलोड केलेल्या फाइलींची गोष्ट निराळी. इंटरनेटवरून, मेलमधून आलेल्या फाइलीवर विंडोज एक अदृश्य शिक्का मारतं आणि एक्सेल ती ‘प्रोटेक्टेड व्ह्यू’मध्ये उघडतं. अनेक पोर्टलांवरून ‘एक्सेल’ म्हणून मिळणारा अहवाल प्रत्यक्षात एक्सेल नसतोच; तो वेबपानाचा तक्ता असतो, नावाच्या शेवटी फक्त ‘एक्सएलएस’ लावलेलं. जुलै २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने एमएस१६-०८८ ही सुरक्षा-दुरुस्ती पाठवली आणि त्यानंतर अशा फाइलींवर क्लिक केलं की एक्सेल एकही शब्द न बोलता करडं, रिकामं उघडू लागलं. जगभर गोंधळ झाला. मायक्रोसॉफ्टलाही ते मान्य करावं लागलं. तेव्हा सुचवलेला एक उपाय आजही अडल्यावेळी उपयोगी आहे : फाइलवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, खाली ‘अनब्लॉक’ची खूण, ओके. मात्र हा उपाय फाइल कुणाकडून आली हे पक्कं ठाऊक असेल तरच. अनोळखी नंबरवरून व्हॉट्सॲपवर आलेली ‘बिल’ नावाची फाइल अनब्लॉक करणं म्हणजे चोराला किल्ली देणं.

२०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो सरसकट अडवायला सुरुवात केली. त्याचा फटका जीएसटीआर-९ च्या ऑफलाइन टूलसारख्या मॅक्रोंवर चालणाऱ्या फाइलींना बसतो. इथे पान दिसतं, पण बटणं काम करत नाहीत आणि वर लाल पट्टी येते. ही तक्रार ‘पान येत नाही’ या नावाखाली सांगितली जाते, म्हणून तिचा उल्लेख केला. उपाय तोच, अनब्लॉक.

आता दुसरा मोठा प्रकार : फाइल उघडलेली आहे, पण दिसत नाही. एक्सेलच्या व्ह्यू या पट्टीत ‘हाइड’ आणि ‘अनहाइड’ अशी दोन बटणं शेजारी आहेत. हाइड दाबलं की अख्खं वर्कबुक नजरेआड होतं. मग एक्सेल बंद करताना ‘बदल जतन करू का?’ असा प्रश्न येतो, आपण सवयीने हो म्हणतो, आणि त्या क्षणापासून ती फाइल लपलेल्या अवस्थेत जतन होते. आता ती कुणालाही पाठवा, कुठल्याही संगणकावर उघडा, करडा पडदाच दिसणार. फाइलचा आकार व्यवस्थित असतो, आत माहिती असते, आणि तरी ‘फाइल करप्ट झाली’ म्हणून ती टाकून दिली जाते. दुसऱ्या सॉफ्टवेअरने पडद्याआडून उघडून जतन केलेल्या फाइलींतही हा प्रकार होतो. उपाय एका क्लिकचा : व्ह्यू, अनहाइड. ते बटण फिकट असेल तर लपलेलं काही नाही. एवढ्याने खात्री पटली नाही तर ऑल्ट आणि एफ-११ दाबावं; मॅक्रोंची खिडकी उघडते आणि तिच्या डाव्या बाजूला या घडीला उघड्या असलेल्या प्रत्येक वर्कबुकाचं नाव येतं, लपलेल्यांचंही. संगणक दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाला या दोन कळा पाठ असायला हव्यात.

अनहाइडच्या यादीत ‘पर्सनल’ नावाचं एक वर्कबुक दिसलं तर त्याला हात लावू नये. ते मुद्दाम लपलेलंच असतं. आपण रेकॉर्ड केलेले, सगळ्या फाइलींना लागणारे मॅक्रो त्यात राहतात. पावतीवर ‘अक्षरी रुपये’ आपोआप यावेत म्हणून अनेक संस्थांनी मॅक्रो करून घेतलेले असतात. एक्सेलमध्ये रुपयांचे शब्द करणारं सूत्र तयार मिळत नाही, म्हणून मायक्रोसॉफ्टने डॉलरसाठी दिलेला नमुना लाख-कोटींत वळवून घेतला जातो. तो मॅक्रो बहुधा या पर्सनलमध्येच असतो. ती फाइल ‘एक्सएलस्टार्ट’ नावाच्या फोल्डरात असते, आणि त्या फोल्डरात जे जे ठेवलं असेल ते एक्सेल दर वेळी आपणहून उघडतं. कुणी चुकून तिथे एखादी भलीमोठी किंवा बिघडलेली फाइल ठेवली, तर एक्सेल रोज तिच्यावरच अडखळणार.

खिडकी पडद्याच्या बाहेर जाणं हा शाळांमधला नेहमीचा प्रकार. सरांनी लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडलेला असताना वर्कबुक भिंतीवरच्या भागात ओढलं, तिथेच बंद केलं, घरी येऊन उघडलं. वर्कबुक अजून त्या नसलेल्या भिंतीवरच उघडतंय. खाली टास्कबारवर नाव दिसतं, वर काही नाही. विंडोज आणि शिफ्ट या कळा दाबून डावा-उजवा बाण दाबला की खिडकी परत येते. वरच्या पट्टीत नाव आहे, खिडकीही जागेवर आहे, पण आत पांढरा किंवा काळा ठिगळाचा भाग आहे, तर संशय ग्राफिक्सच्या ड्रायव्हरवर घ्यावा. ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये ‘हार्डवेअर ग्राफिक्स ॲक्सिलरेशन’ बंद करण्याची खूण असेल तर ती लावून पाहावी.

एक्सेल सोडून दुसरीकडे वळलं की लिबरऑफिसचं कॅल्क येतं. फुकट आहे, मराठीतही मिळतं, आणि क्रॅक केलेल्या ऑफिसपेक्षा शंभर पटींनी बरं. त्याचा वंश जुना : जर्मनीतल्या स्टारऑफिसपासून सन कंपनीचं ओपनऑफिस झालं, आणि सप्टेंबर २०१० मध्ये डॉक्युमेंट फाउंडेशनने वेगळी चूल मांडून लिबरऑफिस सुरू केलं. इथे ‘कोरं पान न येणं’ दोन तऱ्हांचं. नुसत्या ‘लिबरऑफिस’च्या चिन्हावर क्लिक केलं तर पान येणारच नाही, स्टार्ट सेंटर येईल, पान हवं तर ‘कॅल्क’च्या चिन्हावर क्लिक करावं. शेवटचं कागदपत्र बंद केल्यावरही तेच स्टार्ट सेंटर मागे उरतं. हा झाला सोयीचा भाग.

दुसरी तऱ्हा खऱ्या बिघाडाची, आणि ती आपल्याकडे वीज जाण्याशी जोडलेली आहे. लिबरऑफिस आपल्या सगळ्या आवडीनिवडी, कळपट्ट्या, अलीकडच्या फाइली एका ‘यूजर’ नावाच्या फोल्डरात लिहीत असतं. हा फोल्डर सॉफ्टवेअरच्या फोल्डरात नसतो. विंडोजमध्ये तो ॲपडेटाच्या रोमिंगमध्ये, लिबरऑफिस, मग ‘४’ या नावाखाली असतो. लिहिता लिहिता वीज गेली आणि बॅटरी नसलेला डेस्कटॉप पडला, की त्यातली एखादी नोंद अर्धवट राहते. मग कॅल्क उघडतं, खिडकीची चौकट येते, आणि आत काही नाही. किंवा कालच्या फाइली परत मिळवायच्या का, असं विचारणारी चौकट प्रत्येक वेळी येते आणि तिच्यातून बाहेर पडता येत नाही. २०१७ मध्ये आलेल्या ५.३ आवृत्तीपासून याला सेफ मोड आहे. हेल्पच्या यादीतून किंवा स्टार्ट मेनूतून तो निवडता येतो आणि तिथल्या तिथे प्रोफाइल कोरं करता येतं. ते नाही जमलं तर लिबरऑफिस पूर्ण बंद करून त्या ‘यूजर’ फोल्डरचं नाव बदलायचं, ‘यूजर-जुना’ करायचं. पुढच्या वेळी नवा फोल्डर आपोआप तयार होतो. पुसायचं नाही, नाव बदलायचं. कारण आपले नमुने आणि शब्दकोश जुन्या फोल्डरात असतात आणि ते मागाहून काढून घेता येतात. ओपनऑफिस अजून वापरणाऱ्यांनाही हाच उपाय लागू आहे.

मोबाइलबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. गूगल शीट्स उघडल्यावर फाइलींची यादी येते, कोऱ्या पानासाठी अधिकच्या चिन्हावर बोट ठेवावं लागतं. ते तसंच आहे.

आता त्या सरसकट औषधाकडे. ऑफिस काढून परत टाकल्याने सॉफ्टवेअरच्या फाइली नव्या होतात. पण वर सांगितलेल्या कारणांपैकी किती त्या फाइलींत होती? डीडीईची खूण वापरकर्त्याच्या खात्यातल्या नोंदींत राहते. एक्सएलस्टार्टमधली फाइल वापरकर्त्याच्या फोल्डरात राहते. लिबरऑफिसचं प्रोफाइलही तिथेच. लपवून जतन केलेल्या वर्कबुकाचा लपलेपणा त्या वर्कबुकात असतो. साध्या पद्धतीने ऑफिस काढलं तर यातल्या कशालाच धक्का लागत नाही, म्हणून दोन तास खर्चून परत टाकलेलं ऑफिस पुन्हा करडंच उघडतं. मग मेकॅनिक म्हणतो, विंडोजच गेलंय. फॉरमॅट मारल्यावर ते चालतं, कारण खातंच पुसलं जातं. पण त्याबरोबर डेस्कटॉपवरच्या फाइली, पर्सनलमधले मॅक्रो, टायपिंगच्या खास सेटिंग्ज आणि कुणालाच आठवत नाहीत असे पासवर्डही जातात. उपाय लागू पडला असं वाटतं, आणि चुकीची समजूत आणखी घट्ट होते.

परत टाकणं कधीच योग्य नसतं असं नाही. एक्सेल सेफ मोडमध्येही उघडत नसेल, वर्डसुद्धा कोसळत असेल, विषाणूने फाइली खाल्ल्या असतील, तर दुरुस्ती करावीच. तेव्हाही आधी कंट्रोल पॅनेलमधून ‘क्विक रिपेअर’, मग ‘ऑनलाइन रिपेअर’, आणि नंतर काढून टाकणं. इथे आपल्याकडची एक नाजूक गोष्ट आड येते. पुष्कळ संगणकांवरचं ऑफिस पेनड्राइव्हवरून टाकलेलं क्रॅक असतं. दुरुस्तीला हात घालावा तर त्याचं खोटं सक्रियकरण उडण्याची भीती. म्हणून मेकॅनिक रिपेअरच्या वाटेला जातच नाही, सरळ नवा सेटअप टाकतो. ज्या संस्थेत सभासदांच्या ठेवींचा हिशेब आहे तिथे हे चालू राहणं मला तरी पटत नाही. लिबरऑफिसला एक पैसा लागत नाही. शिवाय विंडोज १०, ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ या तिन्हींचा मायक्रोसॉफ्टकडचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यावर चालणारे संगणक गावात ढिगाने आहेत, आणि त्यांच्यावर नवे बिघाड आले तर त्यांची दुरुस्ती वरून येणार नाही.

माझा क्रम असा आहे. वरची पट्टी वाचा. कंट्रोल-एन दाबा, पान आलं तर एक्सेल ठीक आहे. फाइल-ओपनमधून फाइल उघडा. व्ह्यूमधलं अनहाइड पाहा. टास्क मॅनेजर पाहा. सेफ मोड करून पाहा. एवढ्यानेही नाही झालं तर विंडोजमध्ये एक नवं तात्पुरतं वापरकर्ता खातं काढा आणि तिथे एक्सेल उघडा. नव्या खात्यात पान आलं, तर दोष जुन्या खात्याच्या सेटिंग्जमध्ये आहे हे जवळजवळ पक्कं, आणि फॉरमॅटची गरज नाही. या सातही पायऱ्यांत, टास्क मॅनेजरमध्ये नोंद बंद करताना घ्यायची ती काळजी सोडली, तर पुसलं जाण्यासारखं काही नाही, आणि सगळं मिळून चहा येईपर्यंत होतं.

ज्यांच्या कार्यालयात एक्सेलवर रोजचा व्यवहार आहे त्यांनी आजच एक करावं : एक्सएलस्टार्ट फोल्डर आणि लिबरऑफिस असेल तर त्याचा यूजर फोल्डर, दोन्हींची प्रत पेनड्राइव्हवर घेऊन तिच्यावर तारीख घालावी. आणि दुरुस्ती करणाऱ्या मंडळींना विनंती, की बिलावर ‘ऑफिस टाकले’ एवढंच न लिहिता कारण काय सापडलं तेही लिहावं. ‘डीडीईची खूण काढली’ अशी एक ओळ लिहिलेली असली, तर पुढच्या खेपेला त्या माणसाला तुमच्याकडे यावं लागणार नाही.